बी बदललं तरी केवडा तोच : खान्देशात भाजीपाल्याचा वाण निवडताना कुठे अडतं

अमळनेर-पारोळ्याकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जुलै-ऑगस्टमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की एक तक्रार कानावर पडतेच : "बी बदलं, तरी केवडा उनाच!" म्हणजे बी बदललं तरी केवडा, भेंडीचं पान पिवळं पाडणारा रोग, आलाच. मागच्या वर्षीची भेंडी पिवळी पडली म्हणून यंदा 'प्रतिकारक' असं छापलेलं महागडं पाकीट घेतलं, तीही पिवळी. पुढच्या वर्षी तिसरं पाकीट. शेतकरी कंपनीला बोल लावतो, कंपनी हवामानाला आणि दुकानदार म्हणतो फवारणी उशिरा झाली.

बियाणं बोगस असण्याचे प्रकार होतात, नाही असं नाही. पण बहुतेक शेतांत गोष्ट वेगळी असते. वाण एका शत्रूसाठी निवडलेला असतो आणि शेतात नुकसान करणारा दुसराच असतो. त्यामुळे पाकीट बदलण्याआधी पान उलटून बघायचं.

पिवळं पान म्हणजे केवडाच असं नाही

भेंडीपुरतं बोलायचं तर पान पिवळं पडण्याची निदान चार कारणं आपल्याकडे नेहमी दिसतात आणि चारही कारणांना गावात 'केवडा' म्हणूनच फवारणी होते.

खऱ्या केवड्यात पानाच्या शिरा पिवळ्या होतात आणि शिरांमधला भाग हिरवा राहतो. पान उन्हाकडे धरलं तर पिवळी जाळी स्पष्ट दिसते. पुढे सगळं पानच पिवळं होतं, भेंडी फिकट, आखूड आणि कडक निघते. हा विषाणू आहे. तो बियाण्यातून येत नाही, विळ्या-कोयत्यानं पसरत नाही. तो फक्त पांढरी माशी आणते, आणि एकदा विषाणू घेतलेली माशी मरेपर्यंत तो वाटत फिरते.

पानाच्या कडा आधी पिवळ्या पडून वर वळल्या असतील, मग विटकरी होऊन वाळत असतील, तर ते तुडतुड्यांचं काम. पानामागे बोट नेलं की पाचरीसारखे हिरवट किडे तिरके पळतात. शिरांशी याचा काही संबंध नाही आणि केवडा-प्रतिकारक वाणाशी तर मुळीच नाही.

तिसरी तऱ्हा केवड्याच्या बरोबर उलटी : शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर. ही लोहाची कमतरता. तापीकाठच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, त्यातही पाणी साचलं की, ती हमखास दिसते. यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. फेरस सल्फेट किंवा चिलेटेड लोह फवारलं की काही दिवसांत नवी पानं हिरवी येतात.

चौथी तऱ्हा थोडी फसवी आहे. पानं जाड, चामड्यासारखी होऊन वळतात, मागच्या बाजूला शिरांवर बारीक उंचवटे येतात, खोड वेडंवाकडं होतं आणि पिवळेपणा कमीच असतो. हादेखील पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणूच, पण केवड्याहून वेगळा. केवड्याला दाद न देणारा वाण याला बळी पडू शकतो आणि तिथूनच 'कंपनीनं फसवलं' हा सूर सुरू होतो.

रोगट झाडं शेतात कुठे आहेत हेही बघा. कपाशीच्या बांधाकडून सुरुवात होऊन आत सरकत असतील तर माशी बाहेरून येतेय. सगळीकडे विखुरलेली, एक झाड स्वच्छ आणि शेजारचं पिवळं, असं असेल तर बियाणं कुठून आणलं ते आठवा. संकरित भेंडीचंच बी घरी धरून पुढच्या हंगामात टोकलं, तर त्या पिढीत गुण फुटतात. काही झाडं प्रतिकारक निघतात, काही नाही. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊन तोडा गमावण्याचा हा नेहमीचा प्रकार आहे.

प्रतिकारक, पण कशाला?

भेंडीच्या पाकिटावर जी प्रतिकारशक्ती छापलेली असते ती जवळजवळ नेहमी केवडा रोगाविरुद्ध असते, पांढऱ्या माशीविरुद्ध नव्हे. माशी त्या झाडावरही बसते, रस शोषते, चिकटा सोडते, त्यावर काळी बुरशी येते. झाडात विषाणू वाढत नाही, एवढाच फरक. तुडतुडे, मावा, लाल कोळी आणि फळ पोखरणारी अळी यांना तो वाण इतर भेंडीसारखाच गोड लागतो. म्हणून दुकानात प्रश्न असा विचारा : कोणत्या रोगाला? कोणत्या किडीला? किती? काही कंपन्या माहितीपत्रकात 'एचआर' आणि 'आयआर' असं लिहितात. पहिल्याचा अर्थ उच्च प्रतिकार, दुसऱ्याचा मध्यम. मध्यम प्रतिकाराच्या झाडावर दाब वाढला की लक्षणं दिसणारच.

दुसरी गोष्ट, प्रतिकारशक्तीला वय असतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी १९५० च्या दशकाअखेरीस आली तेव्हा केवड्यावरचा उतारा म्हणून देशभर गेली. काही वर्षांत ती इतकी बळी पडू लागली की आज प्रयोगात 'रोगाला बळी पडणारा वाण' म्हणून तीच तुलनेला लावतात. मग परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचाच जंगली भेंडीशी संकर करून ऐंशीच्या दशकात परभणी क्रांती दिली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं दुसऱ्या एका रानभेंडीचा गुण घेऊन अर्का अनामिका काढली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले उत्कर्षा, फुले विमुक्ता आहेत. नावं चांगलीच आहेत. पण विषाणूही बदलतो आणि परभणी क्रांतीवरसुद्धा आता कित्येक ठिकाणी केवडा दिसतो. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेत 'प्रतिकारक' लिहिलंय म्हणून आज बी घेऊ नका. मागच्या दोन हंगामांत तुमच्याच तालुक्यात तो वाण कसा टिकला, हे विचारून घ्या.

एका वाणात सगळं मिळत नाही याचं चांगलं उदाहरण आपल्या कपाशीतच आहे. पानावर दाट लव असलेल्या कपाशीवर तुडतुड्यांना नीट बसता येत नाही, अंडी घालता येत नाहीत, म्हणून ती तुडतुड्यांना सहनशील. पण तीच लव पांढऱ्या माशीला सोयीची पडते. भेंडीतही पानाची लव तुडतुड्यांना अडवते, मात्र फळावर लव आली की बाजारात व्यापारी नाक मुरडतो. धुळ्याच्या मार्केटला गुळगुळीत, गडद हिरवी भेंडीच चालते. तेव्हा तुमच्याकडे तुडतुडे जास्त की माशी जास्त, यावर निवड ठरते.

शेजारची कपाशी

हा भाग खान्देशात विसरून चालत नाही. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. तुडतुडे, पांढरी माशी, मावा आणि ठिपक्याची बोंडअळी या सगळ्यांना दोन्ही घरं आपलीच. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीत ठिपक्याच्या अळीचा जोर ओसरला, पण भेंडीचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी तीच आहे, आणि भेंडीत तिला रोखणारं कुठलंही जनुक नाही. म्हणजे चार बाजूंनी कपाशी आणि मध्ये अर्ध्या एकरात भेंडी असेल तर वाण कितीही चांगला असो, किडीची आवक थांबत नाही.

मे महिन्यात ठिबकवर लावलेली बागायती कपाशी जून-जुलैत मोठी होते आणि नेमकी त्याच वेळी पावसाळी भेंडी उगवत असते. कोवळ्या भेंडीला हाच काळ सर्वांत धोक्याचा. जुन्या प्रयोगांत उगवणीनंतर पहिल्या ३५ दिवसांत केवडा लागलेल्या झाडांचं उत्पादन ९० टक्क्यांहून जास्त घटलं होतं. ६५ दिवसांनी लागलेल्या झाडांचं नुकसान त्याच्या जवळपास निम्मं होतं. म्हणून पहिला महिना सांभाळला तर मध्यम प्रतिकाराचा वाणही पैसे देऊन जातो. तो महिना सांभाळायचा कसा? कपाशीच्या बाजूला भेंडीच्या दहा-पंधरा दिवस आधी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी टाका. जमलं तर चंदेरी मल्चिंग वापरा, त्याच्या चकाकीनं माशी आणि फुलकिडे सुरुवातीला बिचकतात. पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला ठेवा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा. मी तर म्हणेन, कपाशीपट्ट्यात ज्याला भेंडीच करायची आहे त्यानं पावसाळी सोडून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीची उन्हाळी भेंडी धरावी. अट एकच, आजूबाजूला फरदड नको. कापूस वेचून झाल्यावर भावाच्या आशेनं पाणी देऊन ठेवलेली फरदड म्हणजे गुलाबी बोंडअळीसोबत पांढऱ्या माशीलाही उन्हाळाभर दिलेला आसरा. शेजाऱ्याच्या फरदडीवर आपलं चालत नाही हे खरं, पण निदान आपल्या बांधाला ती नसावी.

भरिताचं वांगं : इथे वाण बदलता येत नाही

वांग्याची अडचण वेगळी आहे. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीला पुरेपूर टिकेल असा देशी किंवा संकरित वाण आपल्याकडे उपलब्ध नाही. 'अळी लागत नाही' असं कुणी सांगितलं तर विषय तिथेच संपवा. कमी-जास्त मात्र असतं. झुपक्यानं येणारी, लांबट, बारीक फळं आणि आत घट्ट बियांची रचना असलेल्या वाणांत नुकसान तुलनेनं कमी दिसतं. पुसा पर्पल क्लस्टर हे त्यातलं जुनं नाव.

आता खान्देशी माणसाला हे वांगं देऊन बघा! आपल्याला हवं फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, मोठं, कमी बियांचं आणि भाजल्यावर लोण्यासारखा गर देणारं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच गुणांसाठी. पातळ साल, मऊ गर, बिया कमी : माणसाला जे आवडतं तेच अळीलाही सोपं जातं. पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी सोडून अळी लागत नाही म्हणून कुणी बारीक जांभळी वांगी पिकवणार नाही, आणि बामणोदच्या बाजारात ती कुणी घेणारही नाही.

तेव्हा इथे वाण कायम धरून बाकीचं बदलावं लागतं. ही अळी जगते मुख्यतः वांग्यावर. कपाशी, तूर, हरभरा यांवर ती पोट भरत नाही. म्हणूनच शिवारात वर्षभर कुठे ना कुठे वांगं उभं असलं की तिची साखळी तुटत नाही. जुनं वांगं उपटून बांधावर रचलं आणि शेजारीच नवी रोपं लावली, तर त्या ढिगातून पतंग निघून थेट नव्या लागवडीवर येतात. लागवडीआधी जुनी झाडं शेताबाहेर हलवायची, नाहीतर बारीक करून कुजवायची. शेंडा मान टाकताना दिसला की अळीसकट दोन बोटं खालून छाटायचा आणि आठवड्याला हा फेरा चुकवायचा नाही. छाटलेले शेंडे सरीत टाकू नयेत, खड्ड्यात पुरावेत. कामगंध सापळे लावा, पण ल्युअर, म्हणजे सापळ्यातली पतंगाला ओढणारी गंधाची गोळी, वांग्याच्या अळीचाच आहे ना ते बघून. बोंडअळीचा उरलेला ल्युअर इथे लावून 'सापळ्यात काही येत नाही' म्हणणारे भेटतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं पुन्हा पुन्हा मारली की अळीपेक्षा तिचे शत्रू आधी मरतात, आणि मग पांढरी माशी आणि कोळी डोकं वर काढतात.

भरिताचं बी बरेच जण घरचंच धरतात. मग तेवढी तरी निवड करा. फळ मोठं दिसलं म्हणून बी धरू नका. ज्या झाडाचे शेंडे हंगामभर कमी पोखरले गेले, ज्यावर पर्णगुच्छ आला नाही, त्या झाडाला सुरुवातीलाच चिंधी बांधून ठेवा आणि बी त्याचंच घ्या. पर्णगुच्छाचं झाड ओळखायला सोपं आहे : बारीक पानांचा झाडूसारखा गुच्छ आणि फळ नाही. तो तुडतुडे पसरवतात. असं झाड दिसताच उपटावं. इलाज नाही.

बीटी वांग्याविषयी दरवर्षी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. भारतात त्याला मंजुरीची प्रक्रिया २००९ मध्ये पुढे गेली, पण फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं स्थगिती दिली. बांगलादेशात २०१३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. त्यामुळे आपल्याकडे कुणी 'बीटी वांग्याचं पाकीट' पुढे केलं तर ते बेकायदा तरी आहे किंवा नुसतीच थाप.

मिरची : पान कुठे वळतंय ते बघा

नंदुरबारकडे मिरची म्हटलं की पानं वळून आखडण्याचा चुरडा-मुरडा आलाच. इथेही एका नावाखाली तीन आजार असतात. पान वरच्या बाजूला, होडीसारखं वळलं तर फुलकिडे. पान खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी. कोळी हा कीटकच नव्हे, त्याला कोळीनाशकच लागतं. फुलकिड्यांचं औषध त्याच्यावर वाया जातं. पानं बारीक होऊन झाड खुजं, झुडपासारखं राहिलं तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. 'लीफ कर्ल प्रतिकारक' वाण या तिसऱ्याला उपयोगी आहे, पहिल्या दोघांना नाही. त्यातून २०२१ पासून तेलंगणा-आंध्रात मिरचीच्या फुलांवर तुटून पडणारे नवे फुलकिडे आल्यानंतर ते दक्षिणेकडच्या पट्ट्यांत चांगलेच पसरले. तिथून आणलेली तयार रोपं डोळे झाकून घेऊ नका. रोपवाटिका आपली असावी, वर बारीक छिद्रांचं नायलॉन नेट असावं. मिरची आणि टोमॅटोत विषाणूची लागण रोपातच होऊन येते, मग शेतात वाण काय करणार?

टोमॅटोबद्दल थोडक्यात. लीफ कर्लला टिकणारे वाण जंगली टोमॅटोतली 'टी-वाय' जनुकं घेऊन तयार होतात आणि ती खरंच उपयोगी आहेत. बंगळूरची अर्का रक्षक तर लीफ कर्लसोबत जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांनाही टिकते. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मात्र सोळा ओळींना एक ओळ झेंडू, हा जुना उपाय अजून कामाचा आहे. झेंडू टोमॅटोच्या आधी लावायचा, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक अट

रावेर-यावलकडे वाण निवडताना केळीचाही विचार करा. केळीवरचा हरण्या म्हणजे काकडीचाच मोझॅक विषाणू. मावा तो काकडी, भोपळे, टोमॅटो, मिरचीवरून केळीत नेतो. जून-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत नवीन टिश्यू कल्चर बागेच्या कडेला किंवा आंतरपीक म्हणून काकडी लावली आणि वाण 'मोझॅक सहनशील' असला तरी धोका टळत नाही. सहनशील झाडात विषाणू राहू शकतो, झाड फक्त आजारी दिसत नाही. आपली काकडी हिरवीगार आणि शेजारची केळी गेली, अशी भांडणं उगाच होत नाहीत.

पाकीट घेताना आणि घेतल्यावर

पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या, थोडं बी आणि रिकामं पाकीट जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर याशिवाय कुणी ऐकत नाही. सगळं रान एका नव्या वाणाखाली कधीच घालू नका. दोन-तीन वाणांच्या प्रत्येकी चार ओळी आणि त्यांच्यामध्ये तुमचा नेहमीचा वाण, अशी लागवड करा. फवारणी सगळ्यांना सारखी, पाणी-खत सारखं. दर आठवड्याला प्रत्येकातली दहा झाडं, दर झाडाची वरचं-मधलं-खालचं अशी तीन पानं उलटून किडे मोजा आणि वहीत लिहा. तोड्याचं वजनही वेगळं लिहा, कारण कीड कमी असूनही माल कमी देणारा वाण असतो, आणि कीड लागूनही झेपणारा असतो. दुसरा परवडत असेल तर तोच घ्या. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पानाचा नमुना दाखवता येतो. फोटोपेक्षा ताजं झाड न्या.

आत्ता उभं पीक पिवळं पडलंय, काय करायचं?

महिन्याच्या आतली भेंडी असेल आणि मोजकीच झाडं पिवळी असतील तर ती आजच उपटा. संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवू नका, आणि उपटताना झाड हलवण्याआधी पिशवीत घ्या, नाहीतर माशी उडून शेजारच्या झाडावर बसते. अर्ध्याहून जास्त झाडं गेली असतील आणि पहिला तोडाही झाला नसेल, तर त्या रानात औषधावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. रोटाव्हेटर फिरवून तिथे कपाशीच्या कुळाबाहेरचं, मेथी-कोथिंबिरीसारखं लवकर निघणारं पीक घ्या. तोडे सुरू झाल्यावर केवडा आला असेल तर घाबरू नका, झाड बरंच देऊन जातं. फक्त औषध निवडताना लेबलवर भेंडीचं नाव आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते वाचा. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. ज्या औषधाला आठवडाभर थांबा असं लिहिलंय ते तोड्याच्या काळात चालतच नाही, दुकानदार काहीही म्हणो.